निर्णयाचं पान: ठरवण्याआधी, ठरवताना आणि ठरवून झाल्यावर

"तू ती नोकरी का सोडलीस?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं: स्वतःचं काहीतरी करायचं होतं म्हणून. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पाठ झालं होतं. मग एकदा कपाट आवरताना त्या काळातली वही हाती लागली. राजीनामा देण्याच्या आदल्या आठवड्यातलं पान. वर तारीख, खाली माझंच अक्षर: "येण्याजाण्यात रोज तीन तास. पाठ दुखते. वरिष्ठ बदलतील अशी चिन्हं नाहीत. शिल्लक आठ महिने पुरेल. सहा महिन्यांत स्वतःची तीन कामं मिळाली नाहीत तर परत नोकरी शोधायची."

स्वतःचं काहीतरी उभं करण्याच्या स्वप्नाबद्दल त्या पानावर अवाक्षर नव्हतं. स्वतःची कामं म्हणजे नोकरी नसतानाची सोय, एवढाच त्यांचा उल्लेख.

मी लोकांशी खोटं बोलत नव्हते. पुढे काम जमलं आणि मनानं गुपचूप मागे जाऊन कारण बदलून टाकलं. जमलं नसतं तर त्याच मनानं "तेव्हाच कळायला हवं होतं" असं ऐकवलं असतं. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली नेमकी ही खोड दाखवून दिली. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्याआधी काही जणांना विचारलं गेलं होतं, की तिथे काय काय घडण्याची किती शक्यता वाटते. दौरे झाल्यावर त्यांना स्वतःचेच जुने अंदाज आठवायला सांगितले. जे प्रत्यक्षात घडलं होतं, त्याची शक्यता आपण जास्त सांगितली होती, असंच बहुतेकांना आठवलं.

म्हणून हा लेख त्या एका पानाभोवती फिरतो. पायऱ्या दहा आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. घाई असेल तर तिसरी आणि सहावी तेवढी वाचा.

पायरी १: निर्णय केवढा आहे ते आधी बघा

दोनच प्रश्न. मागे फिरता येईल का? आणि फिरायचं झालं तर काय मोजावं लागेल, पैसा, वेळ, की एखादं माणूस?

मागे फिरणं स्वस्त असेल तर त्यावर आठवडे घालवू नका. अशा निर्णयांसाठी हर्बर्ट सायमन यांची रीत पुरते. अर्थशास्त्राचं १९७८ चं नोबेल मिळालेल्या या माणसाचं म्हणणं असं, की सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम शोधणं माणसाच्या आवाक्यातलंच नाही. आपण पुरेसं चांगलं काय ते ठरवतो आणि ते सापडलं की थांबतो. रीत म्हणून वापरायची तर शोध सुरू करण्याआधी तीन अटी लिहा. तिन्हींत बसणारा पहिला पर्याय घ्या. आणि मग खरोखर थांबा. अवघड भाग हाच आहे. नवा फोन खिशात असताना दुसऱ्या फोनची परीक्षणं वाचत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही होते.

मागे फिरणं महाग असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. मात्र आजच तारीख घाला: अमुक दिवसापर्यंत ठरवायचं. तारीख नसलेला निर्णय भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो, आणि तेवढ्या काळात "आहे तसंच" हा पर्याय तुम्ही न निवडता निवडला जातो.

रागाच्या भरात, दुःखाच्या पहिल्या दिवसांत किंवा सलग चार रात्री झोप नसताना मोठा निर्णय पुढे ढकलता येत असेल तर ढकला. ही चालढकल नव्हे.

पायरी २: प्रश्न पुन्हा लिहा

"सोडू की नको?", "जाऊ की राहू?" आपले प्रश्न बहुधा अशाच साच्यात येतात. या साच्यात एकच पर्याय असतो आणि त्याला हो किंवा नाही म्हणायचं असतं.

माझी एक मैत्रीण महिनाभर अशीच तळ्यात-मळ्यात करत होती. दुसऱ्या शहरातली नवी नोकरी घ्यायची की आहे तिथेच राहायचं? मी तिला म्हटलं, "समजा दोन्ही गेलं. तिकडचंही नाही, इकडचंही नाही. मग काय करशील?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, मग मी आधी राहिलेला अभ्यासक्रम पुरा करीन."

महिनाभराच्या चर्चेत अभ्यासक्रमाचं नाव एकदाही निघालं नव्हतं. शेवटी ती गेली तिकडेच, पण अभ्यासासाठी आठवड्याचे दोन दिवस मोकळे मागून घेऊन. दोन्ही पर्याय पुसून टाकण्याची ही युक्ती पाच मिनिटांची आहे. किमान तिसरा पर्याय कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: दोन रकाने, पण नीट

फायदे-तोट्यांची यादी सगळेच करतात आणि बहुतेक जण ती चुकीची करतात. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला एका नव्या नोकरीबद्दल ठरवता येईना, तेव्हा त्यानं बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. फ्रँकलिननं पत्रात कळवलं, की पुरेशी माहिती नसल्यानं काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाचे दोन रकाने करायचे, बाजूचे मुद्दे एकीकडे, विरोधातले दुसरीकडे. इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. पुढचं विसरलं जातं. एक, ही यादी एका बैठकीत संपवायची नाही. तीन-चार दिवस, सुचेल तसं लिहीत जायचं. दोन, मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. इकडचा एक मुद्दा तिकडच्या दोघांच्या वजनाचा वाटला तर तिन्हींवर काट मारायची. असं करत जाऊन शिल्लक काय उरतं ते पाहायचं.

तीन-चार दिवस का? एका बैठकीत आपण त्या दिवशीच्या मनःस्थितीची बाजू मांडतो. कामाचा वाईट दिवस गेलेला असेल तर नोकरी सोडण्याच्या बाजूचा रकाना तुडुंब भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधातल्या रकान्यातलं काहीतरी आठवतं.

चार्ल्स डार्विननं १८३८ मध्ये लग्न करावं की नाही याचे असेच दोन रकाने केले होते. एकीकडे वेळ वाया जाण्याची धास्ती, दुसरीकडे आयुष्यभराची सोबत, आणि तिच्यापुढे "निदान कुत्र्यापेक्षा बरी" असा शेरा. शेवटी लग्न करावं असा कौल त्यानं स्वतःच लिहिला आणि जानेवारी १८३९ मध्ये एमा वेजवुडशी लग्न केलं. कोणता मुद्दा किती जड, हे गणितानं ठरलं असेल असं मला वाटत नाही.

तोलण्याचं काम शेवटी भावनाच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक अँटोनियो दमासिओ यांच्याकडे असे रुग्ण होते, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, तर्क शाबूत, पण भावनांचा धागा तुटलेला. अशाच एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूनं आणि विरोधात मुद्दे मांडत राहिला. अखेर दमासिओंनीच दुसरी तारीख सांगितली, आणि तो "ठीक आहे" म्हणून निघून गेला.

काटाकाटी करूनही पारडी सारखीच राहिली तर नाणं उडवा. नाणं काय सांगतं हे महत्त्वाचं नाही. ते हवेत असताना तुम्ही मनात काय पडावं म्हणत होता, त्याकडे लक्ष द्या. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी तर याचा प्रयोगच केला. नोकरी सोडावी का, नातं तोडावं का अशा प्रश्नांवर अडलेल्या लोकांनी त्यांच्या संकेतस्थळावर वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं. "बदल कर" असा कौल मिळालेल्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि मोठ्या प्रश्नांवर बदल केलेले लोक सहा महिन्यांनी अधिक समाधानी होते. म्हणून ऊठसूट सगळं सोडावं असं नाही. हे लोक मुळातच काठावर उभे होते. पण काठावर खूप दिवस उभं राहिलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख आपल्याला जास्त बोचतं. हातातलं सुटण्याची भीती "आहे तसंच" या पारड्यात गुपचूप बसलेली असते. तरीही पारडी समसमान दिसत असतील, तर ती भीती उचलून बाजूला ठेवल्यावर काय दिसेल याचा विचार करा.

पायरी ४: कल्पना करू नका, विचारा

स्वतःबद्दलच्या अंदाजात आपण फार आशावादी असतो. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला.

उपाय साधा आहे. जो निर्णय तुम्ही घेणार आहात तो एक-दोन वर्षांपूर्वी घेतलेली तीन माणसं शोधा. "कसं वाटतंय?" असं विचारू नका, कारण उत्तर "छान" असंच येतं. "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलंस?" असं विचारा. मग आणखी एक: "कशाची अजिबात कल्पना नव्हती?" स्वतंत्र काम करणाऱ्या एकानं मला सांगितलं होतं, "निम्मा दिवस काम आणि निम्मा दिवस थकलेल्या पैशांचे फोन." माझ्या कल्पनेत तो फोन कुठेच नव्हता. पुढे आयुष्यात मात्र भरपूर आला.

पायरी ५: आधीच पंचनामा

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत २००७ पासून बरीच पसरली. समजा वर्ष उलटलंय आणि निर्णय पार फसलाय. "फसेल का?" हा प्रश्न नाही, फसलाच आहे. आता का फसला ते दहा मिनिटं लिहा. "काही अडचण येईल का?" या प्रश्नाला मन सभ्यपणे "नाही" म्हणतं, "का बुडालं?" म्हटलं की भराभरा कारणं सांगतं. त्यातल्या ज्या दोन कारणांवर आज काही करता येईल, ते करा.

पायरी ६: पान लिहा

आता मुख्य काम. निर्णय झाल्यावर पण त्याचा परिणाम कळण्याआधी, एका पानावर पुढच्या गोष्टी उतरवा:

तारीख, आणि प्रश्न एका वाक्यात.
कोणते पर्याय होते, नाकारलेले धरून.
आज काय माहीत आहे. काय माहीत नाही, आणि ते कळायला मार्ग होता का.
काय होईल असं वाटतं, तेही आकड्यात: "दहापैकी सात वेळा जमेल असं वाटतं."
शरीर आणि मन कसं आहे. झोप, राग, भीती, कुणाचा दबाव.
कोणत्या अटीवर मागे फिरायचं, आणि ती कोणत्या तारखेला तपासायची.

वही असो की फोन, काही बिघडत नाही. नियम एकच: लिहिलेलं नंतर सुधारायचं नाही. नवं सुचलं तर खाली नवी तारीख घालून लिहा.

मनःस्थितीची ओळ लोक गाळतात, आणि नंतर तीच सगळ्यात उपयोगी पडते. "पाठ दुखते" हे दोन शब्द माझ्या पानावर नसते, तर शरीरानं तो निर्णय किती ढकलला होता हे मला कधीच कळलं नसतं. आकड्याची ओळ मात्र माझ्या त्या पानावर नव्हती, आणि ते मला अजून खटकतं. मला तेव्हा यशाची किती खात्री होती? आज मी "बऱ्यापैकी" म्हणेन. पण हे आज बोलणारी मी आहे; माझा भरवसा धरू नका.

पायरी ७: ज्यांना झळ लागणार आहे त्यांना सांगा

त्यांना ते दुसऱ्याकडून कळू नये, एवढं पाळा. ठरवून झालं असेल तर "तुला काय वाटतं?" असं विचारू नका, "मी असं ठरवलंय" म्हणा. सल्ला मागून तो न घेणं लोकांना जितकं लागतं, तितका तुमचा निर्णय लागत नाही.

पायरी ८: दार लावून घ्या

मागे फिरायची सोय ठेवणं शहाणपणाचं वाटतं, आणि ठरवण्याआधी ते खरंही असतं. ठरवल्यानंतर मात्र उघडं दार त्रास देतं. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना छायाचित्रं काढायला शिकवली. प्रत्येकानं आपली दोन आवडती छायाचित्रं स्वतः छापली आणि त्यातलं एकच ठेवून दुसरं द्यायचं होतं. काहींना सांगितलं, आत्ता ठरवा, पुन्हा बदलता येणार नाही. काहींना सांगितलं, काही दिवस आहेत, मन बदललं तर बदलून घ्या. पुढे, ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. गंमत अशी, की कोणता वर्ग घ्याल असं वेगळ्या विद्यार्थ्यांना विचारल्यावर बहुतेकांनी मुभेचाच मागितला.

बदल अशक्य असला की मन आहे त्यात चांगलं शोधायला लागतं. शक्य असला की तुलना करत राहतं. म्हणून घर ठरलं की घरांच्या जाहिराती पाठवणारं ॲप काढून टाका. नाकारलेल्या नोकरीतला माणूस आता कुठवर पोचला, हे शोधू नका. परतीची अट पानावर लिहिलेली आहेच आणि तिला तारीखही आहे. तोवर तो विषय बंद. एका तारखेला एकदाच उघडणारं दार रोज किलकिलं राहणाऱ्या दारापेक्षा बरं.

पायरी ९: पस्तावा आला तर

येतोच. आधी तो कोणता ते ओळखा.

पहिल्या काही दिवसांतला पस्तावा बहुधा केलेल्या गोष्टीचा असतो: उगाच हो म्हटलं, उगाच सोडलं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांना १९९४ च्या सुमारास दिसलं, की अलीकडच्या काळाकडे पाहताना लोकांना केल्याची खंत जास्त असते, आणि उभ्या आयुष्याकडे पाहताना न केल्याची. पहिल्या पंधरवड्यातल्या कळवळ्यावर लगेच काही करू नका, ते यासाठीच.

दुसरा प्रकार म्हणजे नाकारलेल्या पर्यायाची भुरळ. त्या पर्यायात कधी सोमवार उजाडत नाही, कधी पाठ दुखत नाही, तिथले वरिष्ठ नेहमी हसतमुख असतात. अशा वेळी चौथ्या पायरीतला प्रश्न तिथेही लावा: त्या आयुष्यातला कालचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, लिहून काढा. दुपारपर्यंत पोचता पोचता चमक उतरते. कधीकधी उतरत नाही. मग ते खरंच काहीतरी सांगत असतं, आणि त्याला नवं पान द्यावं.

तिसरा प्रकार सगळ्यात अन्यायाचा: निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरवणं. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये लोकांना एकाच शस्त्रक्रियेच्या निर्णयाची गोष्ट दिली. माहिती तीच, धोका तोच. फक्त काहींच्या गोष्टीत रुग्ण वाचला, काहींच्या गोष्टीत दगावला. दगावल्यावर लोकांना तोच निर्णय कमी दर्जाचा वाटला. स्वतःच्या बाबतीत यावर एकच इलाज मला सापडलाय, तो म्हणजे पान काढून वाचणं. त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर हे ठीक होतं का? ठीक असेल, तर जे झालं त्याचं दुःख करा, स्वतःला दोष देऊ नका. ठीक नसेल, तर नेमकी कोणती ओळ चुकली तिच्याखाली रेघ मारा.

हे उलटंही लागू आहे, आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. माझे सहा महिने भरले त्या दिवशी हातात एकच लहानसं काम होतं. अट तीन कामांची होती. पान सांगत होतं, नोकरी शोध. मी ते पान उघडलंच नाही, "अजून दोन महिन्यांची शिल्लक आहे" म्हणत राहिले. सातव्या महिन्यात दोन कामं मिळाली आणि गाडी चालायला लागली. लोक याला चिकाटी म्हणतात. मी ती वही वाचल्यापासून त्याला नशीब म्हणते.

पायरी १०: अटीची तारीख येते तेव्हा

त्या दिवशी तासभर मोकळा ठेवा आणि पान वाचण्याआधी एका कोऱ्या कागदावर लिहा: हे सगळं आज पहिल्यांदाच समोर आलं असतं, तर मी यात उतरले असते का? आजवर घातलेला वेळ आणि पैसा या प्रश्नात धरायचा नाही. तो दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. तरी तो ओढतोच. हॅल अर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटं काहींना पूर्ण दरात, काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त प्रयोगांना हजर राहिले. नाटकं तीच होती.

एक गोष्ट मात्र या हिशेबातून बाहेर ठेवा. कुणाला दिलेला शब्द म्हणजे बुडीत खर्च नव्हे. तुमच्या भरवशावर कुणी आपलं काही बदललं असेल, तर ते आजचं, चालू खात्यातलं देणं आहे.

कोऱ्या कागदावरचं उत्तर आणि पानावरची अट एकाच दिशेला असतील तर त्याच दिवशी पहिलं पाऊल उचला. एक फोन, एक अर्ज, काहीही. दोन्ही विरुद्ध दिशेला असतील, तर अट मोडायला हरकत नाही. पण ती मोडतोय हे लिहून मोडा: का, आणि आता नवी तारीख कोणती. माझ्याकडून राहिलं ते हेच.

मागे फिरायचं ठरलं तर नव्या निर्णयाला नवं पान घ्या. जुन्यावर काट मारू नका आणि ते फाडूही नका. कोपऱ्यात नव्या पानाचा क्रमांक टाका, म्हणजे पुढे वाचताना एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.